चित्रासमोरचे १७ सेकंद : विषयातून प्रश्न कसा काढायचा

पेटची परीक्षा झाली, मुलाखतीची तारीख आली, की बऱ्याच जणांची गाडी एकाच ठिकाणी अडते. समोरचे विचारतात, "विषय ठीक आहे, पण तुमचा प्रश्न काय?" आणि आपण पुन्हा विषयच सांगत बसतो. "मला मुंबईच्या कलादालनांवर काम करायचंय" हा झाला विषय. प्रश्न अजून व्हायचाय. या दोन्हींतला फरक नुसता वाचून फारसा कळत नाही. एखाद्या जागेवर जाऊन तो करून बघावा लागतो. म्हणून या लेखात आपण एक जागा घेऊ या : काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी. तुमचा विषय कलेचा नसला तरी चालेल. ग्रंथालय, ओपीडी, भाजी मंडई, कुठेही हीच रीत लागू पडते.

आधी जागा कशी चालते ते बघा

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यासाठी पैसा दिला. अशी जागा व्हावी म्हणून चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला होता. इथली दालनं चित्रकारांना भाड्याने मिळतात. अर्ज करायचा, काम निवडलं गेलं तर तारीख मिळते, आणि त्या तारखेसाठी काही वर्षं वाट बघावी लागते. प्रदर्शन साधारण आठवडाभराचं असतं, मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपणारं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. बहुतेक वेळा चित्रकार स्वतः दालनात खुर्ची टाकून बसलेला असतो. टेबलावर अभिप्रायाची वही असते, शेजारी पत्रकांचा गठ्ठा.

आता तिथून चालत काही मिनिटांवर या. कावसजी जहांगीर हॉलच्या १९११ सालच्या इमारतीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते १९९६ मध्ये सुरू झालं आणि केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतं. इथे तिकीट काढावं लागतं. काय लावायचं, कोणत्या क्रमाने लावायचं हे संस्था आणि तिने नेमलेले क्युरेटर ठरवतात. एकेक प्रदर्शन आठवडे, कधी महिने चालतं. चित्रकार तिथे खुर्चीत बसलेला नसतो. अनेकदा तो हयातही नसतो.

दोन्हींना आपण सहज "गॅलरी" म्हणतो. पण एका ठिकाणी चित्रकाराने भाड्याने घेतलेला आठवडा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी संस्थेने केलेली निवड आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये नुसतं "मुंबईतील कलादालने" असं लिहिलं, तर या दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात गेल्या. तुम्ही नक्की कशाचा अभ्यास करताय, दालनाचा, प्रदर्शनाचा, चित्रकाराचा की बघणाऱ्याचा, हे पहिल्याच पानावर ठरलं पाहिजे. आपण इथे बघणाऱ्याला घेऊ.

आधी कोणी काय केलंय

प्रेक्षकाकडे संशोधक म्हणून बघायला सुरुवात होऊन शंभर वर्षं उलटली. बेंजामिन गिलमन हे बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले अधिकारी. संग्रहालयात माणूस दमतो का, दमतो तर कशाने, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी एका माणसाला काचेच्या कपाटांतल्या वस्तू बघायला लावून, वाकताना, मान वळवताना, उकिडवं बसताना त्याचे फोटो काढले. १९१६ साली ते छापले आणि सांगितलं की हा थकवा कंटाळ्याचा नाही, मांडणीचा आहे. कपाटं चुकीच्या उंचीवर आहेत म्हणून पाठ दुखते.

इथे थोडं थांबा आणि एक गोष्ट लक्षात घ्या. "लोकांना संग्रहालयात रस नाही" अशी तक्रार करून गिलमनना गप्प बसता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी दिसू शकेल, तपासता येईल असं कारण शोधलं. विषयाचा प्रश्न होतो तो इथे.

पुढे येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन यांनी १९२८ मध्ये घड्याळ लावून प्रेक्षकांचा माग काढला. आर्थर मेल्टन यांनी १९३५ मध्ये दाखवलं की दालनात शिरल्यावर बहुतेक लोक उजवीकडे वळतात, आणि बाहेर जाण्याचं दार दिसलं की उरलेल्या वस्तू सोडून तिकडे ओढले जातात. म्हणजे एखादं चित्र कमी बघितलं गेलं, तर दोष चित्राचाच असेल असं नाही. ते दाराच्या बाजूला असेल!

२००१ साली जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली ६ नामवंत चित्रं निवडली आणि १५० प्रेक्षक त्यांच्यासमोर किती वेळ थांबतात ते मोजलं. सरासरी आली २७.२ सेकंद. मध्यक आला १७ सेकंद. नंतर शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असाच अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला. तिथे सरासरी २८.६३ सेकंद, मध्यक २१ सेकंद. मधल्या काळात मोबाईल आले, सेल्फी आले, तरी आकडे साधारण त्याच घरात राहिले.

सरासरी आणि मध्यक वेगळे का पडतात

संशोधनाची तयारी करताय तर हा भाग नीट बघा, मुलाखतीत विचारतात. समजा एका चित्रासमोर पाच माणसं आली आणि ८, १२, १७, २०, ७८ सेकंद थांबली. बेरीज १३५. भागिले ५, म्हणजे सरासरी २७. पण पाचांपैकी चार जण तर २० सेकंदांत किंवा त्याआधीच निघून गेले! एकटा माणूस रमला आणि त्याने सरासरी वर ओढली. चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घेतला तर १७ येतो, तो मध्यक. "नेहमीचा प्रेक्षक किती थांबतो" असं विचारलं तर मध्यक सांगा. पण तो ७८ सेकंदवाला माणूस टाकून देऊ नका. तो का रमला, हा कदाचित तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात चांगला प्रश्न असेल.

हा आकडा जहांगीरला लागू होतो का?

इथेच पुष्कळ सिनॉप्सिस घसरतात. परदेशातला निष्कर्ष उचलायचा आणि "भारतीय संदर्भात" असं जोडून द्यायचं. त्याऐवजी दोन्ही जागा शेजारी ठेवा आणि काय काय बदललं ते लिहा. मेट्रोपॉलिटनमधली चित्रं नामवंत होती, जहांगीरला येणाऱ्याने चित्रकाराचं नावही ऐकलेलं नसू शकतं. तिथली चित्रं विकायला नव्हती, इथे बहुतेक वेळा असतात. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे चित्रकार स्वतः तीन पावलांवर बसलाय. अशा वेळी दोन सेकंदांत पुढे सरकायला संकोच वाटतो. उलट, "काही विचारतील, काही घ्यायला लावतील" या धास्तीने काही जण लवकरही निघत असतील. दोन्ही शक्य आहे. कोणतं होतं, ते बसून ठरत नाही, मोजावं लागतं.

आता प्रश्न बघा कसा बदलत गेला :

"लोकांना चित्रं कळतात का?" याचं उत्तर देताच येत नाही, कारण "कळणं" म्हणजे काय ते ठरलेलं नाही.

"लोक चित्रासमोर किती वेळ थांबतात?" हे मोजता येतं, पण आकडा आल्यावर त्याचं करायचं काय?

"चित्रकार दालनात असताना आणि नसताना, त्याच चित्रासमोर थांबण्याच्या वेळेत फरक पडतो का?" आता तुलना आली, कारण आलं, आणि उत्तर "नाही" येण्याची शक्यताही आली. ज्याचं उत्तर "नाही" येऊच शकत नाही, तो प्रश्न संशोधनाचा नाही.

मोजण्याआधी ठरवायच्या गोष्टी

पहिली, "थांबणं" म्हणजे काय? पाय थांबले, चेहरा चित्राकडे वळला, की घड्याळ सुरू. चेहरा फिरवून पाऊल उचललं की बंद. मधे फोन आला तर? फक्त फोटो काढून निघाला तर? मागे जाऊन परत आला तर? हे आधीच लिहून ठेवा, निरीक्षणाच्या दिवशी ठरवू नका.

दुसरी, तुम्ही आणि एखादी मैत्रीण, दोघांनी एकाच प्रेक्षकाचा वेळ स्वतंत्रपणे मोजा. तुमचे १४ आणि तिचे २६ सेकंद आले तर प्रेक्षकाला दोष देऊ नका, तुमची व्याख्या सैल आहे.

तिसरी, कोणी आपल्याकडे बघतंय हे कळलं की माणूस वेगळा वागतो. पण म्हणून चोरून बघायचं का? स्मिथ दांपत्याने प्रेक्षकांच्या लक्षात न येता वेळ मोजला होता. तुम्हाला तसं करायचं असेल तर आधी तुमच्या एथिक्स कमिटीची मान्यता हवी, गॅलरीची लेखी परवानगी हवी, आणि चित्रकाराला विचारायला हवं, कारण इथे तोही तुमच्या अभ्यासात आहे. नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही नोंदवू नका. अंदाजे वय, एकटा की घोळक्यात, थांबलेला वेळ, एवढं पुरे.

दाराबाहेरचा माणूस

आत शिरलेल्यांनाच मोजलं तर एक मोठा गट निसटतो : पायऱ्यांपर्यंत येऊन परत गेलेले. बाहेर फुटपाथवर चित्रकार चित्रं मांडून बसतात, तिथे लोक थांबतात, भाव विचारतात, स्वतःचं स्केच काढून घेतात. त्यांतले कितीतरी जण दहा पावलांवरच्या दारातून आत जात नाहीत. दार उघडं आहे, पैसे लागत नाहीत, तरीही.

फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आणि त्यांचे सहकारी अलँ दार्बेल यांनी युरोपातल्या कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांचं सर्वेक्षण करून १९६६ मध्ये मांडलं होतं की कोण आत येतं हे तिकिटापेक्षा शिक्षणाशी जास्त बांधलेलं असतं. "हे आपल्यासाठी नाही" असं माणूस स्वतःच ठरवून टाकतो. आपल्याकडे यात भाषा, जात, कपडे, दारावरच्या वॉचमनची नजर, असं बरंच काही मिसळत असेल. सरकारी पैसा, शाळांच्या सहली, "कला सर्वांसाठी" अशा घोषणा, हे सगळं "फुकट आहे म्हणजे खुलं आहे" या गृहीतकावर उभं असतं. ते गृहीतक तपासणारा अभ्यास केवळ पदवीपुरता राहत नाही.

सोमवारी संध्याकाळी काय उरतं?

आठवड्याचं प्रदर्शन संपलं की चित्रं उतरतात, दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा चित्रकार असतो. संग्रहालयातलं चित्र पुढच्या वर्षी परत बघता येईल, हे प्रदर्शन नाही. याच इमारतीतलं सामोवार हे उपाहारगृह १९६४ पासून चित्रकार, लेखक, विद्यार्थी यांचा अड्डा होतं. २०१५ मध्ये ते बंद झालं. तिथे कोण कोणाशी काय बोललं, यावर आज कोणाला काम करायचं असेल तर आठवणी, वर्तमानपत्रं आणि कोणीतरी जपून ठेवलेले कागद, एवढाच आधार.

म्हणून गॅलरीत गेलात की टेबलावरचं पत्रक घ्या, निमंत्रणपत्रिका मिळाली तर तीही घ्या, मागे तारीख आणि दालनाचं नाव लिहून फाईलला लावा. परवानगी घेऊन चित्रांच्या मांडणीचा कच्चा नकाशा काढा : कोणतं चित्र कुठे, दार कुठे, चित्रकाराची खुर्ची कुठे. आज हा कागद क्षुल्लक वाटतो. वीस वर्षांनी कोणासाठी तरी तो प्राथमिक साधन असेल.

एका दुपारचं काम

सकाळी ११ ते संध्याकाळी ७ या वेळेत कधीही जा. पहिला तास वही बंद ठेवून फक्त चित्रं बघा. प्रेक्षक होता आलं नाही तर प्रेक्षकाचा अभ्यास जमणार नाही. दुसऱ्या तासाला एका कोपऱ्यात उभे राहून दालनातली वर्दळ बघा, काही मोजू नका, जे अनपेक्षित वाटेल तेवढंच टिपा. मग बाहेर पायरीवर बसून एकच वाक्य लिहा, शेवटी प्रश्नचिन्ह असलेलं. त्याखाली तीन ओळी : याचं उत्तर "नाही" येऊ शकतं का? मी नक्की काय बघितलं किंवा मोजलं तर ते कळेल? आणि यातून कोण सुटतंय?

हे पान घेऊन गाईडकडे जा. ते त्यावर लाल पेनाने खुणा करतील, कदाचित अर्धं वाक्य खोडतील. खोडू द्या. खोडण्यासारखं वाक्य हातात असणं हीच सुरुवात आहे.