सगळे कपडेवाले एकाच पट्ट्यात का बसतात? न्यूयॉर्कच्या गारमेंट डिस्ट्रिक्टची गोष्ट

ट्रेनिंगमध्ये हमखास येणारा प्रश्न: "सर, जिथे आधीच पन्नास कपडेवाले बसलेत, तिथेच युनिट कशाला टाकायचं?" याचं उत्तर न्यूयॉर्कच्या गारमेंट डिस्ट्रिक्टमध्ये छान दिसतं. मॅनहॅटनमध्ये साधारण ३४व्या ते ४२व्या रस्त्यापर्यंत, सेव्हन्थ अव्हेन्यूच्या आजूबाजूचा हा पट्टा.

धंदा मुळात तिथला नव्हताच. १८८० नंतर युरोपातून आलेले ज्यू आणि इटालियन लोक शहराच्या खालच्या भागात, लोअर ईस्ट साइडला, राहत्या खोल्यांतच पीसवर शिवायचे. पुढे मोठ्या इमारतींत कारखाने आले. २५ मार्च १९११ ला ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. एक दार कुलूपबंद होतं. १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. कायदे कडक झाले ते त्यानंतर. (फायरच्या कागदपत्रांना कटकट म्हणणाऱ्यांनी हे वाचावंच.)

कारखाने वर सरकत फिफ्थ अव्हेन्यूच्या भारी दुकानांजवळ पोचले. जेवणाच्या सुट्टीत फूटपाथवर कामगारांची गर्दी व्हायची, ती दुकानदारांना खुपायला लागली. १९१६ मध्ये त्यांनी पेपरात जाहिरात दिली: आमच्या भागाबाहेर कारखाना असणाऱ्यांच्या मालाला आम्ही प्राधान्य देऊ. भाषा गोड, पण अर्थ सरळ. माल घेणारेच ते, म्हटल्यावर कारखानदार करणार काय?

पण मला आवडतं ते पुढचं. उत्पादकांनी एकत्र येऊन, सहकारी पद्धतीने, सेव्हन्थ अव्हेन्यूवर स्वतःच्या उंच इमारती उभ्या केल्या. त्या १९२१ मध्ये तयार झाल्या. जागाही कशी? पेन स्टेशन जवळच. बाहेरगावचा खरेदीदार ट्रेनमधून उतरला की चालत शोरूममध्ये!

आता मूळ मुद्दा. तिथे एकाच्या छताखाली सगळं नव्हतं. कोणी फक्त डिझाइन आणि विक्री बघायचा, शिलाई कॉन्ट्रॅक्टरकडे. बटणवाला वेगळा, झिपवाला वेगळा, प्लीट्स घालून देणारा वेगळा. तयार कपडे चाकाच्या रॅकवर लटकवून पोरं भर रस्त्यातून ढकलत न्यायची. म्हणून कमी भांडवलवालाही उतरू शकायचा: स्टॉक शेजाऱ्याकडे, मशीन दुसऱ्याकडे, ऑर्डर आपली. फॅशनच्या धंद्यात सीझन चुकला की माल पडून. तिथे चालत जाण्याच्या अंतराने दिवस वाचायचे.

मग शिलाई स्वस्त मजुरीकडे, आधी दुसऱ्या राज्यांत आणि नंतर परदेशात गेली. इकडे ऑफिसवाले जास्त भाडं द्यायला तयार. १९८७ मध्ये शहराने नियम केला: कारखान्याची जागा ऑफिसला दिली, तर तेवढीच जागा कारखान्यासाठी राखायची. ऑर्डरीच कमी झाल्यावर नियम काय करणार? २०१८ मध्ये तो काढला.

मोठ्या ऑर्डरी आता तिथे फारशा शिवल्या जात नाहीत. पण डिझायनरचे सॅम्पल आणि ब्रॉडवेच्या नाटकांचे पोशाख अजूनही तिथे होतात. सकाळी झिप बदलायची ठरली, तर दुकान दोन गल्ल्यांवर आहे.