खिशातले विद्यापीठ

पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी मुंबईत पाणी तुंबते, लोकल गाड्या खोळंबतात आणि हजारो विद्यार्थ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : आजचा पेपर होणार की पुढे ढकलला? खरे उत्तर फक्त विद्यापीठाकडे असते. विद्यार्थ्याच्या मोबाइलवर मात्र ते व्हॉट्सॲपच्या एखाद्या गटातून, शिक्का आणि सही असलेल्या परिपत्रकाचा फोटो होऊन येते. ते परिपत्रक आजचे की मागच्या वर्षीचे, खरे की कोणी खोडसाळपणे बनवलेले, हे ठरवायला त्याच्याजवळ काहीच नसते. घरातून निघावे तर वाटेत अडकण्याची भीती आणि न निघावे तर वर्ष बुडण्याची.

अशा वेळी आपल्याकडे ठरलेला उपाय सुचवला जातो : विद्यापीठाचे एक ॲप काढा. या लेखात मला नेमके याच्या उलट बाजूने जायचे आहे. विद्यापीठाच्या आवारातील मोबाइल सेवा म्हणजे ॲप नव्हे. चालत्या माणसाला पडणाऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर, आणि ते रोज खरे ठेवण्याची जबाबदारी असलेला कोणीतरी धनी, या दोन गोष्टी म्हणजे सेवा. ॲप हे त्या उत्तराचे फार तर वेष्टन आहे.

या विषयाचा इतिहास फार जुना नाही. आयफोन 2007 मध्ये आला. पुढच्याच वर्षी टेक्सासमधील ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आयफोन किंवा आयपॉड टच देऊन शिक्षणात मोबाइल वापरण्याचा प्रयोग सुरू केला. त्याच सुमारास अमेरिकेतील एमआयटीने वेगळी वाट धरली. फोन वाटण्याऐवजी लोकांच्या हातात जो फोन असेल त्यावर उघडेल असे मोबाइल संकेतस्थळ तिने केले. तेव्हा बाजारात स्पर्शपडद्याचे फोन होते, कळफलकाचे होते आणि अगदी साधेही होते. पान मागणारा फोन कोणत्या जातीचा आहे हे सर्व्हर ओळखी आणि त्याला झेपेल असे पान पाठवी. पानावर काय होते? आवाराचा नकाशा, बस कुठवर आली आहे, कोणाचा दूरध्वनी क्रमांक काय, आणीबाणीची सूचना. संस्थेच्या मोठ्या संकेतस्थळावरचे सगळे छोट्या पडद्यावर कोंबायचे नाही, उभ्या-उभ्या किंवा चालता-चालता माणूस जे विचारतो तेवढेच द्यायचे, हा त्यामागचा विचार मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

2010 मध्ये ईथन मार्कोट या रचनाकाराने पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळवून घेणाऱ्या पानांची पद्धत मांडली. त्यानंतर प्रत्येक जातीच्या फोनसाठी वेगळे पान करण्याची गरज बरीच कमी झाली. ॲपचे तसे नाही. अँड्रॉइडसाठी एक आणि आयफोनसाठी दुसरे, अशी सहसा दोन घरे सांभाळावी लागतात. दरवर्षी फोनची मूळ प्रणाली बदलते, ॲपच्या दुकानांचे नियम बदलतात आणि त्याबरोबर ॲपही दुरुस्त करावे लागते. ज्या कंत्राटदाराने ते केले त्याचा करार संपला की ते जागच्या जागी शिळे होत जाते. उद्घाटनासाठी पैसा मिळतो, तिसऱ्या वर्षीच्या डागडुजीसाठी मात्र तो मिळेलच असे नाही.

ऑक्सफर्डचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण त्या विद्यापीठाला एकच एक आवार नाही. तीसहून अधिक कॉलेजे, विभाग आणि ग्रंथालये गावभर विखुरलेली आहेत. तिथे 2009 मध्ये ‘मोबाइल ऑक्सफर्ड’ ही सेवा सुरू झाली. त्यामागची संगणकप्रणाली पुढे ‘मॉली’ या नावाने इतर विद्यापीठांसाठीही खुली करण्यात आली. पुस्तक ग्रंथालयांच्या सूचीत शोधावे, जवळच्या थांब्यावर बस कधी येणार ते पाहावे, इमारत नकाशावर सापडावी, अशी तिची कामे होती. वरवर पाहता हे प्रोग्रामरचे यश वाटेल. पण पायाखालची वीट निराळी होती : ‘ऑक्सपॉइंट्स’ ही विद्यापीठाच्या इमारती, विभाग, कॉलेजे आणि ग्रंथालये यांची ठिकाणांसह ठेवलेली नोंदवही. अशी नोंदवही एकदा नीट ठेवली की तिच्यावर संकेतस्थळ उभे राहते, ॲप उभे राहते आणि उद्या जे येईल तेही उभे राहील. मुंबई विद्यापीठाचा एक पाय फोर्टमध्ये, दुसरा कालिन्यात. पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतले आवार चारशे एकरांहून मोठे. अशा ठिकाणी नव्या विद्यार्थ्याला हवा असतो तो विभागाचा दरवाजा, आणि व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला हवी असते उतरण कुठल्या बाजूला आहे याची माहिती. ही माहिती कोणा एका टेबलावर, कोणा एका माणसाच्या नावे असायला हवी. विभाग हलला की त्याच दिवशी नोंद बदलायला हवी.

माहिती असली तरी ती पोहोचायला वाट लागते, आणि आवारातली ती वाट म्हणजे वायफाय. त्याविषयीचा एक गैरसमज असा की पूर्ण ताकदीचे थोडे राउटर लावले की काम झाले. प्रत्यक्षात एका वायफाय केंद्राचा वेळ त्याला जोडलेल्या सर्व फोनमध्ये वाटला जातो. लांबून क्षीणपणे बोलणारा फोन तोच मजकूर पाठवायला जास्त वेळ खातो आणि बाकीचे खोळंबतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच : 1, 6 आणि 11. त्यामुळे शेजारशेजारची केंद्रे मोठ्याने बोलू लागली तर एकमेकांचाच आवाज बुडवतात. म्हणून दाट वर्गांसाठी कमी ताकदीची, जास्त संख्येची केंद्रे आणि जास्त वाहिन्या असलेला 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. आणखी एक गोष्ट आहे. माणसाच्या शरीरात पाणी असते आणि पाणी या लहरी शोषते. मे महिन्यात रिकाम्या सभागृहात घेतलेली मोजणी जुलैत भरलेल्या सभागृहात खोटी ठरते. मोजणी माणसे असताना करावी, एवढी साधी अट निविदेत असली तरी पुष्कळ पैसा वाचेल.

दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या पाहुण्याचे काय? यावर जगाने शोधलेले सुंदर उत्तर म्हणजे ‘एड्युरोम’. नेदरलँड्समध्ये क्लास विरेंगा यांनी 2002 मध्ये ही कल्पना मांडली, आणि आज ती शंभरांहून अधिक देशांत चालते. भारतात ‘अर्नेट’ ही संस्था तिचे काम पाहते. पाहुणा आपल्या मूळ संस्थेचे नाव जोडलेली ओळख देतो. यजमान विद्यापीठ ती विचारणा राष्ट्रीय सर्व्हरमार्फत त्याच्या घरच्या विद्यापीठाकडे पाठवते आणि तिकडून ‘हा आमचा’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. पासवर्ड बंद पाकिटातून जावा तसा जातो, त्यामुळे यजमानाला तो दिसत नाही. इथे तंत्रापेक्षा मोठी गोष्ट आहे ती संस्थांनी एकमेकींच्या शब्दावर ठेवलेला विश्वास. आणि तो टिकतो, कारण प्रत्येक संस्था आपल्या माणसांची यादी अद्ययावत ठेवते.

उत्तराचा धनी कोण, हा प्रश्न किती जिवाचा असू शकतो हे 16 एप्रिल 2007 रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात दिसले. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात पहिला गोळीबार झाला. आवारातील सर्वांना पहिला ईमेल गेला तो 9 वाजून 26 मिनिटांनी. त्यानंतर काही मिनिटांतच दुसऱ्या इमारतीत हल्ला झाला. त्या दिवशी एकूण 32 जणांचे प्राण गेले. चौकशी समितीने नोंदवलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही : विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतःहून सर्वांना संदेश पाठवण्याची सोय नव्हती, तो अधिकाऱ्यांच्या एका गटाच्या विचारविनिमयातून जायचा होता. संदेश पाठवण्याचे यंत्र होते, पण ज्यांना धोका आधी कळला त्यांच्या हाती ते नव्हते. त्यानंतर अमेरिकेत विद्यापीठांच्या मोबाइल-सूचना वाढल्या, आणि 2008 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तातडीच्या धोक्याची सूचना विनाविलंब देणे बंधनकारक झाले.

आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा पहिला आणि एकमेव संगणक म्हणजे मोबाइल झाला. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, निकाल सारे त्याच पडद्यावर. पण कार्यालयातून निघणारी सूचना अजून बहुधा कागदावर छापून, सही करून, स्कॅन केलेली पीडीएफ असते. मोबाइलवर ती बोटांनी मोठी करून, डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. एका दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनवर अशी सूचना मी उघडून पाहिली. पडद्यावरचे मराठी वाचून दाखवणारे ‘टॉकबॅक’ त्यात होते, पण ते गप्प राहिले, कारण स्कॅनमध्ये अक्षरे नसतात, अक्षरांचे चित्र असते. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या चार ओळी आणि वर ठळक तारीख, एवढे असते तर तीच सूचना ऐकता आली असती, शोधता आली असती आणि शेअर करतानाही खरी राहिली असती. याला ॲप लागत नाही.

2015 मध्ये सुरू झालेले ‘डिजिलॉकर’ हेही हेच शिकवते. विद्यापीठाने गुणपत्रिका तिथे भरल्या तर विद्यार्थी त्या खिशात बाळगू शकतो. पण आधारवरचे नाव आणि विद्यापीठातले नाव यांत एका अक्षराचा फरक असला की अडचण सुरू होते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना तर ती हमखास येते. अशा वेळी पडद्यावरचा लाल मजकूर उपयोगी पडत नाही. दुरुस्तीचा अधिकार असलेला माणूस आणि त्याच्यापर्यंत जाणारा एक दूरध्वनी क्रमांक लागतो. सेवेला आधार देणे म्हणतात ते हेच.

म्हणून एखाद्या विद्यापीठात मोबाइल सेवेचा प्रस्ताव येईल तेव्हा अधिसभेच्या सदस्यांनी आणि पालकांनीही चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते. कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार आहे? ते उत्तर कोणाच्या टेबलावर खरे ठेवले जाणार आहे? सकाळी सहा वाजता, कुलसचिव प्रवासात असताना, ‘आजचा पेपर रद्द’ हे जाहीर करण्याचा अधिकार कोणाला? आणि तिसऱ्या वर्षीचा खर्च कोणत्या खात्यातून होणार? या चारांची उत्तरे कागदावर आली, की मग ॲप काढावे किंवा काढू नये. पुष्कळदा एक साधे, हलके पान पुरते.