एक जर्सी, चार संघटना

ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा एकच संघ उतरतो. फुटबॉलच्या विश्वचषकात मात्र इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड आपापले खेळतात. त्यामुळे 2012च्या लंडन ऑलिंपिकसाठी संयुक्त संघ जमवताना पंचाईत झाली. इंग्लंड सोडून बाकी तिघांना धास्ती होती, की आज एकत्र खेळलो तर उद्या फिफा आपलं वेगळं स्थानच काढून घेईल. पुरुष संघात अखेर 13 इंग्लिश आणि 5 वेल्श आले, स्कॉटिश एकही नाही. ब्रिटिश राष्ट्रगीत सुरू झालं की संघाचा वेल्श कर्णधार रायन गिग्ज आणि त्याचा वेल्श सहकारी क्रेग बेलामी ओठ मिटून उभे! त्यावर टीका झाली, पण ती अनाठायी होती. वेल्सच्या सामन्यांत त्यांचं गीत वेगळंच असतं. उपांत्यपूर्व फेरीत, तेही कार्डिफमध्ये, दक्षिण कोरियानं पेनल्टींवर हरवलं. त्यानंतर ब्रिटनचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये दिसलेला नाही.