चित्रपटांतील चित्रविक्रेता



चित्रकाराच्या जीवनावर चित्रपट काढण्याचा मोह देशोदेशींच्या दिग्दर्शकांना होत आला आहे आणि त्याचे कारण उघड आहे. चित्रकार उपाशी राहतो, प्रेमात पडतो, समाजाशी भांडतो. हे सारे पडद्यावर खुलून दिसते. पण त्याचे चित्र भिंतीवर टांगून चार लोकांना दाखविणारा, त्याची किंमत ठरविणारा आणि ते विकून देणारा जो कलादालनाचा मालक, त्याच्या वाट्याला या चित्रपटांत काय येते? बहुधा एखादे कपटी हास्य आणि पैशांची थैली. आपल्याकडे ‘दलाल’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. चित्रपटांनी त्याचीच री ओढली. मला हा न्याय एकांगी वाटतो.

आपल्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. केतन मेहता यांचा ‘रंगरसिया’ हा चित्रपट रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ या मराठी कादंबरीवर आधारलेला आहे. तो २००८ साली परदेशातील महोत्सवात दाखविला गेला. आपल्या चित्रगृहांत यावयास मात्र २०१४ साल उजाडले. प्रेक्षकांच्या ध्यानात राहतात ती रविवर्मा आणि सुगंधा यांची प्रीती व न्यायालयातील खटला. माझे लक्ष खिळले ते परेश रावळ यांनी उभ्या केलेल्या शेठ गोवर्धनदासांवर. रविवर्म्यांच्या छापखान्यात भांडवल घालणारा हा माणूस. त्याच्यावाचून लक्ष्मी आणि सरस्वती राजवाड्यांतच राहिल्या असत्या.

या छापखान्याची हकीकत चित्रपटाहूनही रंजक आहे. चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढवाव्यात, अशी सूचना रविवर्म्यांना केली होती सर टी. माधवराव यांनी. हे तंजावरच्या मराठी घराण्यातले; त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीनही संस्थानांचे दिवाण झालेले. पुढे १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईतच छापखाना काढला आणि ‘शकुंतलेचा जन्म’ हे चित्र प्रथम छापले. ही शिळामुद्रणाची रीत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. त्यावर तेलकट शाईने तेवढ्याच रंगाचा भाग उमटवावयाचा आणि तोच कागद एकामागून एक सर्व दगडांवर दाबून काढावयाचा. एक दगड केसभर सरकला तरी देवीचे ओठ गालावर जातात! शेवटी वार्निश दिले की कागद तैलचित्रासारखा चकाकतो. आमच्या घरी असलेली प्रभू येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि शेजारच्या देव्हाऱ्यातील लक्ष्मी या दोघीही याच विद्येच्या लेकी. मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढले, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलला आणि अखेर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला.

याच छापखान्याच्या कामाशी दादासाहेब फाळके यांचा संबंध आला. पुढे त्यांनी स्वतःचे कलामुद्रण सुरू केले, भागीदारांशी बिनसल्यावर ते सोडले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ चा चित्रपट फाळक्यांनी धंदा सोडल्यानंतरची कथा सांगतो. गंमत अशी, की आपल्या चित्रपटसृष्टीचा जनकच चित्रे छापून विकण्याच्या व्यवसायातून आलेला होता.

पाश्चात्त्यांकडेही हीच उणीव दिसते. १९५६ च्या ‘लस्ट फॉर लाइफ’ मध्ये कर्क डग्लस यांनी व्हॅन गॉग उत्तम रंगविला. त्याचा भाऊ थिओ पॅरिसमधील चित्रविक्रीच्या पेढीत व्यवस्थापक होता. पण पडद्यावर तो मुख्यतः पैसे पाठविणारा प्रेमळ भाऊ म्हणूनच उरतो. चित्रकाराच्या मृत्यूबरोबर चित्रपट संपतो, आणि विक्रेत्याचे खरे काम तर तेथून पुढे सुरू होते! व्हिन्सेंटमागून सहा महिन्यांतच, १८९१ च्या जानेवारीत, थिओही गेला. त्याची तरुण विधवा योहाना हिने ती न खपलेली चित्रे सांभाळली, प्रदर्शनांना धाडली, निवडून विकली आणि १९१४ साली भावांची पत्रे छापली. जग आज व्हॅन गॉगला ओळखते ते पुष्कळ अंशी तिच्यामुळे.

अर्थात या व्यवसायात लुच्चे नाहीत असे नव्हे. टिम बर्टन यांच्या ‘बिग आइज’ (२०१४) मध्ये वॉल्टर कीन हा पत्नी मार्गारेटची चित्रे स्वतःच्या नावाने विकतो, दालन उघडतो, स्वस्त छापील प्रतींचा पूर आणतो. ही घडलेली गोष्ट आहे. १९८६ साली होनोलुलूच्या न्यायालयात दोघांनाही समोर चित्र काढावयास सांगितले गेले. मार्गारेटने ते ५३ मिनिटांत पुरे केले. वॉल्टरचा खांदा ऐन वेळी दुखू लागला! चित्र कोणाचे, हे जबाबदारीने सांगणे हे विक्रेत्याचे पहिले कर्तव्य. तेच मोडले तर बाकीचा डोलारा कशावर उभा राहणार?

प्रामाणिक मालकाची कथा पाहावयाची तर मुंबईच्या केकू गांधी यांची पाहावी. १९४१ साली त्यांनी चौकटी बनविण्याचा धंदा सुरू केला. भिंतीवरच्या रिकाम्या चौकटींत तरुण चित्रकारांची चित्रे बसवून ती गिऱ्हाइकांना दाखविता दाखविता १९६३ साली जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ उभी राहिली. आमच्या धारला असे दालन नव्हते. तेथे संस्थानिकच आश्रयदाते. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडविणारे वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके याच आश्रयाने धारला येऊन राहिले.

मुंबई-पॅरिसच्या या गोष्टी निसरपुरात बसून आठवाव्यात, याला कारण घडले. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि जुन्या निसरपुराचा मोठा भाग नर्मदेच्या पाण्याखाली गेला. घरे उतरविताना लोकांनी दारे, वासे, कौले नेली. भिंतींवरच्या तसबिरीही नेल्या. नव्या वसाहतीत एका परिचितांनी मला आजीच्या वेळची लक्ष्मी दाखविली. काच तडकलेली, एका कडेला ओल चढलेली. पण खालच्या काठावर ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ ही इंग्रजी अक्षरे स्पष्ट वाचता येत होती.

“मास्तर, याची किंमत किती होईल हो?” त्यांनी विचारले. असल्या जुन्या प्रती शहरांत लिलावात जातात, एवढे मी त्यांना सांगितले. ते हसले. विकावयाची नव्हतीच, काच बदलावयाची होती. दुसऱ्या दिवशी ती जुन्या लुगड्यात गुंडाळून ते कुक्षीला चौकटवाल्याकडे घेऊन गेले.