छाया, पोत आणि थरांचे गणित

जलरंगाने काम करणारा चित्रकार वाळलेल्या रंगावर दुसऱ्या रंगाचा पातळ हात देतो, तेव्हा खालचा रंग नाहीसा होत नाही. वरच्या हातातून तो दिसत राहतो आणि दोहोंच्या योगाने तिसरी, अधिक गडद छटा निर्माण होते. संगणकावर चित्र काढणाऱ्यालाही हाच परिणाम साधावयाचा असतो. मात्र तेथे रंगद्रव्य नसते, केवळ संख्या असतात. पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन अंशांनी ठरतो आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक अंश ० ते २५५ यांमधील एका संख्येने दर्शविला जातो.

चित्राचे निरनिराळे भाग पारदर्शक काचांप्रमाणे एकावर एक ठेवण्याची सोय ‘फोटोशॉप’च्या तिसऱ्या आवृत्तीत, १९९४ साली, आली. या थरांना ‘लेअर’ म्हणतात. वरच्या थरातील संख्येचा खालच्या संख्येशी कोणत्या नियमाने संयोग व्हावा, हे ज्या योजनेने ठरते तिला ‘ब्लेंड मोड’, म्हणजे मिश्रणरीती, असे नाव आहे.

एका मातीच्या घड्याचे उदाहरण घेऊ. त्याचा रंग तांबडा २००, हिरवा १२० व निळा ८० असा आहे. त्यावर छाया म्हणून १२८ अंशांचा मध्यम राखाडी थर साध्या रीतीने, निम्म्या पारदर्शकतेने ठेवला, तर दोहोंची सरासरी होऊन १६४, १२४ व १०४ असा रंग मिळतो. तांबडा अंश घटला. परंतु हिरवा व निळा हे अंश वाढले! छायेत प्रकाश कमी व्हावयास हवा. येथे तसे न घडल्यामुळे घड्यावर सावली पडल्यासारखी न दिसता धूळ साचल्यासारखी दिसते.

‘मल्टिप्लाय’ या रीतीत दोन संख्यांचा गुणाकार करून त्यास २५५ने भागतात. तोच राखाडी थर या रीतीने, पूर्ण अपारदर्शक ठेवूनच, वापरला असता सुमारे १००, ६० व ४० हे अंश येतात. तिन्ही अंश घटले आणि त्यांचे परस्पर प्रमाण मात्र कायम राहिले. म्हणून घडा अंधारला, तरी मातीचाच राहिला. उघड्यावरील सावलीत निळ्या आकाशाचा प्रकाश पोहोचत असतो. तेव्हा राखाडीऐवजी १६०, १५० व १९० असा किंचित जांभळट थर घेतल्यास सुमारे १२५, ७१ व ६० हा रंग मिळतो आणि छायेत सजीवपणा येतो.

आता पोताचा विचार करू. खरबरीत कागदाची प्रतिमा चित्रावर ‘ओव्हरले’ या रीतीने ठेवण्याचा प्रघात आहे. या रीतीत मध्यम राखाडी जवळजवळ निष्प्रभ असतो. त्याहून उजळ कण चित्र उजळवितात व गडद कण ते काळवंडवितात. कागदाची प्रतिमा बहुधा पांढुरकी असल्याने ती तशीच ठेवली, तर सारे चित्र फिकट होते. म्हणून तिची सरासरी आधी १२८च्या आसपास आणावी. पोताचा थर झाकून व उघडून पाहावा. चित्राचा एकंदर उजेड बदलत नसेल, तर मांडणी योग्य समजावी.

तथापि या रीतीचा प्रभाव मध्यम छटांवर अधिक पडतो आणि शुद्ध काळ्या किंवा पांढऱ्यावर मुळीच पडत नाही. त्यामुळे गडद छायेत पोत बुजून जातो. त्यावरील उपाय कोळशाच्या रेखाटनात सापडतो. खरबरीत कागदावर कोळसा उंचवट्यांवरच बसतो आणि खळगे पांढरे राहतात. म्हणजे तेथे पोत छायेवर पसरलेला नसतो, छायाच त्या कणांची बनलेली असते. संगणकावरही कागदाचे कण छायेच्या थराच्या ‘मास्क’मध्ये, म्हणजे त्या थराचा कोणता भाग दिसावा हे ठरविणाऱ्या झाकणीत, उतरवावेत. मग गुणाकाराने येणारी छाया कणाकणांनीच उमटते आणि तिची कड उजेडाकडे हळूहळू विरत जाते. घडा गुळगुळीत प्लास्टिकचा न वाटता भाजलेल्या मातीचा वाटू लागतो, तो यामुळेच.