जनरल हरले, कॅप्टन जिंकले

पंजाब विधानसभेच्या २०१७ च्या निवडणुकीत पतियाळा शहराच्या जागेवर दोन माजी लष्करी अधिकारी समोरासमोर उभे होते. एक जनरल जे. जे. सिंग. देशाचे पहिले शीख लष्करप्रमुख, नंतर अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल. आणि मराठी वाचकाला थोडे आपले वाटावेत असे, कारण त्यांची कारकीर्द सुरू झाली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीत. दुसरे अमरिंदर सिंग. लष्करात त्यांची काही वर्षंच गेली, १९६५ च्या युद्धाच्या काळात ते सेवेत होते, हुद्दा कॅप्टन. हुद्द्यांमध्ये दोघांत जेवढं अंतर, तेवढंच मतमोजणीत पडलं, पण उलट्या बाजूने. कॅप्टन बावन्न हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले, आम आदमी पक्षाचा उमेदवार दुसरा राहिला आणि अकाली दलाचे जनरल तिसरे. वैध मतांच्या एक षष्ठांशही मतं न मिळाल्याने त्यांची अनामत रक्कम जप्त झाली.

लोक सैनिकाचा मान विसरले, असा अर्थ काही जण यातून काढतील. तो मला चुकीचा वाटतो. मान देणं वेगळं आणि आमदारकी देणं वेगळं, हे मतदाराला उमेदवारापेक्षा आणि त्याला तिकीट देणाऱ्या पक्षापेक्षा चांगलं कळतं. संरक्षण हा केंद्राचा विषय आहे. ‘वन रँक वन पेन्शन’ असो की सीमेवरची चकमक, विधानसभेत त्याचा निर्णय होत नाही. तिथे निर्णय होतो तो पाण्याचा, विजेचा, जमिनीचा, पोलिसांचा. सीमेच्या गोष्टी सांगून विधानसभेची मतं मागणारा उमेदवार आपल्या हातात नसलेलं काही देऊ करत असतो. पंजाबच्या मतदाराला अमरिंदर सिंगांचं काय आठवत होतं? २००४ मध्ये मुख्यमंत्री असताना त्यांनी शेजारी राज्यांबरोबरचे नदीपाण्याचे करार रद्द करणारा कायदा विधानसभेत मंजूर करून घेतला, हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्या कायद्याच्या विरोधात मत दिलं, पण शेतकऱ्याच्या हिशेबात तो जमेच्याच बाजूला राहिला. त्याआधीची आठवण १९८४ ची : सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईचा निषेध म्हणून त्यांनी काँग्रेस आणि खासदारकी दोन्ही सोडली होती. एका माजी लष्करी अधिकाऱ्याची राजकीय पत वाढली ती लष्करी कारवाईला विरोध करून. गणवेश म्हणजे मतं, हे समीकरण किती ढोबळ आहे ते एवढ्यावरूनही कळावं.

यावर आक्षेप येईल, आणि तो वाजवीच आहे. २०१७ मध्ये दहा वर्षांच्या सत्तेनंतर अकाली दलावर लोक चिडलेले होते. ११७ पैकी जेमतेम १५ जागा त्यांच्या हाती लागल्या. शिवाय अमरिंदर सिंग पतियाळ्याच्या राजघराण्यातले. त्या शहरात त्यांच्यापुढे कोणता जनरल टिकणार? मान्य. पण पाच वर्षांनी त्याच जागेवर हेच कॅप्टन, तेच राजघराणं, तीच युद्धाची आठवण, आणि आम आदमी पक्षाच्या उमेदवाराने त्यांना जवळपास वीस हजारांनी हरवलं. तेव्हाही लाट होती, हे खरं. पण घराणं आणि हुद्दा तसेच राहून निकाल उलटत असेल, तर निकाल त्या दोहोंवर ठरत नाही. या मधल्या काळात बदललं होतं ते मुख्यमंत्री म्हणून त्यांच्याविषयीचं लोकांचं मत, आणि त्यांनी काढलेला नवा पक्ष.

दुसरा आक्षेप शिस्तीचा आणि स्वच्छ हातांचा. सैनिक निदान पैसे तरी खाणार नाही, असं आपल्याकडेही सर्रास बोललं जातं. या कसोटीला मेजर जनरल भुवनचंद्र खंडूरी यांच्याएवढा योग्य माणूस सापडणार नाही. उत्तराखंडात मुख्यमंत्री असताना त्यांनी कडक लोकायुक्त विधेयक आणलं, आणि २०१२ ची निवडणूक भाजपने त्यांच्याच नावावर लढवली. ते स्वतः कोटद्वारमधून पडले. हे कोटद्वार गढवाल रायफल्सचं केंद्र असलेल्या लॅन्सडाउनच्या जवळचं, म्हणजे फौजी कुटुंबांच्या ऐन मुलखातलं. काँग्रेसला ३२ आणि भाजपला ३१ जागा मिळाल्या, त्यामुळे तो एक पराभव पक्षाला फारच महाग पडला. पुढे २०२२ मध्ये आम आदमी पक्षाने कर्नल अजय कोठियाल यांना मुख्यमंत्रिपदाचा चेहरा केलं. केदारनाथच्या पुनर्बांधणीत नाव कमावलेला हा कीर्तिचक्र विजेता अधिकारी गंगोत्रीत तिसरा आला. त्याच राज्यात गणेश जोशी हे लष्करातले माजी जवान २००७ पासून लागोपाठ निवडून येत आहेत. पदकांच्या रांगेत ते कर्नलांच्या कितीतरी मागे असतील. मतदारसंघ मात्र त्यांनी वर्षानुवर्षं बांधला आहे.

मग माजी सैनिकांनी राजकारणापासून दूरच राहावं का? लष्कराची तटस्थता जपायची तर तसंच करावं, असं काही निवृत्त अधिकारीच म्हणतात. सेवेत असताना राजकारणाला कायद्याने बंदी आहेच. निवृत्तीनंतर मात्र किती काळ थांबायचं, यावर कसलंच बंधन नाही. अगदी वरच्या हुद्द्यांसाठी काही वर्षांचं अंतर असावं, असं मलाही वाटतं. जनरल सिंग यांच्या निवृत्तीला तर २०१७ मध्ये दहा वर्षं होत आली होती. जवानाला हा नियम लावणं मात्र अन्याय होईल. तो पस्तिशी-चाळिशीत गावी परततो, पुढे तीस वर्षं गावातच राहतो. सोसायटी, ग्रामपंचायत, पंचायत समिती असं चढत जाण्याइतका वेळ त्याच्याकडे असतो, आणि विधानसभेला लागणारी ओळख तिथेच होते. पक्षांना ही वाट नको असते, कारण पदकांचा फोटो एका दिवसात फ्लेक्सवर चढतो.

हा प्रश्न लवकरच मोठा होणार आहे. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतात आणि त्यातले बहुतेक घरी परततील. विधानसभा लढवण्यासाठी वयाची पंचविशी पूर्ण लागते. त्या तुकडीतल्या काहींनी ती तोवर ओलांडलेली असेल. पंजाब आणि उत्तराखंड या दोन्ही राज्यांत विधानसभेची पुढची निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला व्हायची आहे. आणि घरी परतणाऱ्या या तरुणांना सरकारी नियमांप्रमाणे ‘माजी सैनिक’ हा दर्जा मिळणार नाही.