पडद्यावरचे विमान ओळखताना

दिवाळीच्या सुट्टीत सिलतऱ्याला घरी बाबांबरोबर 'बॅटल ऑफ ब्रिटन' हा १९६९ चा चित्रपट पाहत होतो. जर्मन लढाऊ विमानांचा ताफा दिसताच मी म्हणालो, "बाबा, ही खरी मेसरश्मिट नाहीत." बाबांनी विचारले, "कशावरून?"

विमानाच्या नाकावरून! मेसरश्मिट १०९ च्या जर्मन इंजिनात सिलिंडर उलटे, खाली तोंड करून बसवलेले असत. त्यामुळे धूर सोडणाऱ्या नळ्या नाकाच्या खालच्या भागात दिसतात. चित्रपटातील विमानांत त्या वरच्या भागात आहेत. ती स्पेनमध्ये बांधलेली 'बुचोन' विमाने आहेत. आराखडा जर्मन, पण इंजिन ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन. गंमत म्हणजे त्यांच्याशी लढणाऱ्या स्पिटफायरचे इंजिनही मर्लिनच!

मग खरी विमाने का घेतली नाहीत? कारण दुसरे महायुद्ध संपल्यावर हजारो विमाने भंगारात गेली. हे आम्हा सिलतऱ्याच्या मुलांना लगेच समजते. इथल्या कारखान्यांकडे भंगाराचे ट्रक जाताना आम्ही रोज पाहतो. बाबा रोलिंग मिलमध्ये आहेत. ते म्हणाले, "एकदा भट्टीत गेले की पंप काय आणि पूल काय, सगळे सारखेच."

१९७० च्या 'टोरा! टोरा! टोरा!' मध्येही हीच अडचण होती. उडू शकतील अशी जपानी झिरो विमाने मिळेनात, म्हणून अमेरिकन टेक्सन प्रशिक्षण विमानांचे रूप बदलून त्यांना झिरो बनवले गेले. याच विमानाला आपल्याकडे हार्वर्ड म्हणत. आपल्या हवाई दलातील अनेक वैमानिक त्यावर उडायला शिकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही 'विजेता' (१९८२) पाहिला. दिग्दर्शक गोविंद निहलानी, कथा-पटकथा मराठी कवी दिलीप चित्रे यांची आणि संवाद आमच्या शेजारच्या बिलासपूरला जन्मलेल्या सत्यदेव दुबे यांचे. घरातील कटकटींना कंटाळलेला अंगद खडकवासल्याच्या एनडीएत जातो आणि पुढे मिग-२१ चा वैमानिक होतो.

इथे बाबांनीच आधी विचारले, "हे तरी खरे ना?" हो, अगदी खरे! नाकाच्या टोकाला गोल तोंड, त्याच्या मधोमध शंकू आणि मागे त्रिकोणी पंख. त्या तोंडातूनच इंजिनाला हवा मिळते. चित्रपट निघाला तेव्हा मिग-२१ आपले आघाडीचे विमान होते आणि नाशिकजवळ ओझरला त्याची बांधणी होत असे. १९६३ मध्ये हवाई दलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला निवृत्त झाले. त्याने १९७१ चे युद्ध गाजवले, तसेच त्याच्या अपघातांत आपण अनेक वैमानिक गमावले.

मला वैमानिक व्हायचे आहे, पण मिग-२१ आता मला कधीच उडवता येणार नाही. 'विजेता'त मात्र ते खऱ्या रूपात, खऱ्या आकाशात उडताना दिसते. पुढे कोणी १९७१ वर चित्रपट काढेल, तेव्हा त्यालाही बहुधा दुसऱ्याच विमानाला मिग बनवावे लागेल किंवा ते संगणकावर काढावे लागेल.

म्हणून मित्रांनो, जुना विमानपट पाहताना नायकाइतकेच विमानाकडेही लक्ष द्या. नाक पाहा, पंख पाहा आणि विचारा, "हे नक्की कोणते?" आमच्या घरी आता हा प्रश्न बाबाच आधी विचारतात.